चप्पल पायातून निसटत होती आणि मी सेशन मोजत होते

ठाण्याच्या नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. सतरा वर्षं ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटतेय. कंबर अधूनमधून धरायची, शेकली की सुटायची. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मात्र वेगळंच दुखणं सुरू झालं. उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरायची. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. रिक्षात बसले की प्रत्येक खड्डा पायात जाणवायचा.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सायटिका आहे, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी नस दुखतेय. गोळ्या दिल्या, वाकायचं आणि वजन उचलायचं बंद केलं. थोडं थोडं चालत राहा, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप कमी होतं, म्हणाले. पण माझ्या वहीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी लिहिलेल्या होत्या. सहा आठवडे आणायचे कुठून? ही माझी घाईच पुढे त्या लोकांच्या कामी आली, म्हणून आधी सांगते.

एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. माणूस वाकत वाकत येतो, त्याला पालथं झोपवून दाबतात, काडकन आवाज होतो आणि तो हसत उठतो. कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे हाताने दाब-झटके देऊन मणक्यांवर उपचार करणारं क्लिनिक, घोडबंदर रोडवर, पहिली तपासणी ९९ रुपये. दुसऱ्या दिवशी दुपारचे डबे गेल्यावर मी तिथे पोचले.

पाठीवरून एक यंत्र फिरवलं. पडद्यावर माझ्या मणक्याचं चित्र, त्यात लाल पट्ट्या. मग तिथेच एक्स-रे काढला. पांढरा कोट घातलेल्या सरांनी त्यावर पेनाने रेघा मारल्या आणि म्हणाले, "हा मणका जागेवर नाही. नस चिरडतेय. असंच ठेवलंत तर दिवाळीपर्यंत पाय जाईल." मी घाबरले. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, नस दिसत नाही आणि मणक्यांमधली गादीही दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या सबंध तपासणीत त्यांनी माझ्या पावलाला हातसुद्धा लावला नाही, हे तर घरी आल्यावरही लक्षात आलं नाही.

छत्तीस सेशनचे ८१ हजार, आज ठरवलं तर ५४ हजार. "उद्या हा रेट नाही, काकू." काउंटरवरची मुलगी गोड होती. तिने पाणी दिलं, आधार आणि पॅन मागितलं, माझ्याच फोनवर आलेला ओटीपी विचारला. महिना साडेचार हजार, बारा हप्ते, व्याज नाही. मला वाटलं हप्ते क्लिनिकला द्यायचे. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावाचं कर्ज मंजूर होऊन सगळे पैसे त्याच दिवशी क्लिनिकला पोचले होते. टॅबवर बोटाने सही केली. त्याखाली काय लिहिलं होतं ते कुणी वाचून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. ह्यांना वागळे इस्टेटमधून घरी यायला आठ वाजतात, त्यांना विचारते म्हटलं असतं तरी एक रात्र मिळाली असती.

सेशन म्हणजे चार-पाच मिनिटं. कुशीवर वळवायचं, गुडघा पोटाशी, खांदा मागे, आणि एकदम दाब. आवाज झाला की ते म्हणायचे, "बघा, बसला जागेवर." मला खरंच अर्धा-एक तास हलकं वाटायचं. पहिल्या पाच-सहा वेळा मी इतकी खूश होते की केंद्रावर येणाऱ्या दोघींना पत्ताही दिला. त्यातल्या एकीने नंतर पैसे भरले. ते मला माझ्या ५४ हजारांपेक्षा जास्त लागून राहिलं आहे.

त्या आवाजाबद्दल आता कळलंय ते लिहिते, कारण आमचा सगळा विश्वास त्या आवाजावर होता. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि काडकन होतं. बोटं मोडल्यावर होतं तेच. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही.

नवव्या सेशनपासून 'डीकम्प्रेशन टेबल' सुरू झालं, दर वेळचे बाराशे वेगळे. पट्टे बांधून कंबर ताणतात. आपल्या आधीच्या पिढीने 'ट्रॅक्शन' म्हणून ऐकलेलीच ही गोष्ट. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने, नाइसने, २०१६ मध्येच कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन देऊ नका असं म्हटलेलं आहे. मी पाच वेळा त्याचे पैसे मोजले.

अकराव्या सेशननंतर पोटरीतली कळ कमी झाली, पण अंगठा बधिर झाला आणि उजव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. मी सांगितलं तर सर म्हणाले, "हीलिंग रिस्पॉन्स आहे. दुखणं पायातून बाहेर पडतंय." दुखणं कमी झालं होतं, त्यामुळे मला ते पटलं. चौदाव्या सेशनच्या सकाळी आमच्याकडे लाटायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचा पाय फरफटतोय." सतरा वर्षं त्या माझ्या शेजारी उभ्या आहेत. त्यांना दिसलं. ज्याला पैसे दिले त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही तो बोलला नाही.

भाऊबीजेला डोंबिवलीची भाची आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणाली, "मावशी, टाचांवर चालून दाखव." डावा पाय उभा राहिला. उजव्या पायाचं पाऊल पुढून वर उचललंच जाईना, फटकन फरशीवर पडलं. तिचा चेहरा पाहून मला कळायचं ते कळलं. दुसऱ्याच दिवशी ती मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी अंगठा वर ओढायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, छोट्या हातोडीने गुडघा आणि घोटा ठोकून पाहिला, टाचणीने कुठे टोचल्याचं कळतं ते विचारलं. लघवीला अडतं का, बसण्याच्या जागी बधिर वाटतं का, हेही विचारलं. तसं काही झालं किंवा दोन्ही पाय ढिले पडले, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जायचं, असं त्यांनी मला आणि ह्यांना दोनदा सांगितलं. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नसेच्या मुळावर आलेली दिसली. पाऊल उचलायची ताकद त्याच नसेवर चालते.

त्या झटक्यांनी गादी जास्त सरकली का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं खात्रीने सांगता येणार नाही, ती आपोआपही सरकली असती. पण ताकद कमी झाल्याचं कळल्यावर वाट बघत बसायचं नसतं, आणि तुमचे मधले आठवडे गेले. माझी तक्रार नेमकी तीच आहे. कायरोप्रॅक्टिक सरसकट थोतांड आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने ते सुरू केलं, आज तिथे त्याची काही वर्षांची पदवी असते आणि राज्याचं लायसन्स लागतं. नाइससुद्धा हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीने चालतील असं म्हणते, नुसते नाही. मला छत्तीस सेशनमध्ये एक व्यायाम कुणी शिकवणार नव्हतं. आणि आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंद ठेवणारी वेगळी सरकारी परिषदच नाही. डॉक्टरांची आहे, फिजिओथेरपिस्टची आहे. भिंतीवरच्या फ्रेममध्ये काय आहे ते मी नंतर जाऊन वाचलं, थोड्या महिन्यांचा कोर्स होता. तुम्ही आधी वाचा, आणि नोंदणी क्रमांक कुठल्या परिषदेचा आहे ते तोंडावर विचारा. पैशांचं बोलण्याआधी त्यांनी तुमचे पाय तपासले का, तेही बघा.

उरलेल्या बावीस सेशनचे पैसे परत मागितले तेव्हा उत्तर मिळालं, परतावा नाही, घरातल्या कुणाच्या नावावर करून देतो. पावती मागितली, तीही नाही. तिकडे हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातोच, कारण कर्ज क्लिनिकचं नाही, माझं आहे. तो थांबवला असता तर माझंच नाव खराब झालं असतं. असं मोबाइलवरचं कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता परत करता येतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मला कुणी सांगितला नाही, आणि कळला तेव्हा मुदत उलटून गेली होती.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेले. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकही मेसेज पुसला नव्हता. "हीलिंग रिस्पॉन्स" हा शब्द त्यात तारखेसकट आहे.

ज्या बाईने माझ्या सांगण्यावरून पैसे भरले तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तिचाही अर्ज माझ्याबरोबर आहे.

ऑपरेशन तूर्त टळलं आहे. भाचीने दिलेले व्यायाम दोन्ही वेळा करते. पाऊल बरंचसं उचललं जातं, अंगठा अजून अर्धा बधिर आहे. चप्पलऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घालते. आयोगाची पुढची तारीख गुरुवारी आहे. त्या दिवशी केंद्र बंद राहील, तशी पाटी कालच लावली.