बिझेनचा बिनझिलईचा पेला: काही महिने रोज वापरल्यावर

ओसाकात घरी चहाचे कप भरपूर आहेत, पण हल्ली हात जातो तो बिझेनच्या युनोमीकडेच. बिझेन म्हणजे झिलई न लावता भाजलेली जपानी मातीची भांडी. युनोमी म्हणजे बिनकानाचा पेला. ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावातून दोन आणले. एकाच्या फिकट बदामी अंगावर तांबडे फराटे आहेत, ती हिदासुकी. दुसऱ्याच्या एका बाजूला पिवळट ठिपके दाट बसलेत, ते गोमा, म्हणजे तीळ. रंग कुणी लावलेला नाही. भांड्याला भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की पेंढ्यातला क्षार आणि मातीतलं लोह मिळून तांबडा पट्टा उमटतो. गोमा म्हणजे पाइनच्या लाकडाची उडून बसलेली आणि वितळलेली राख. भाताच्या शेतांखालून काढलेली ही माती झटक्यात तापवली तर तडकते, म्हणून लाकडाची भट्टी दहा-चौदा दिवस हळूहळू चढवत नेतात.

आधी तक्रारी. कान नसल्यामुळे उकळता चहा ओतला की पेला धरवत नाही. दोन-तृतीयांशच भरायचा, एका हाताने काठाजवळ धरायचा, दुसरा बुडाखाली. सेंचा, म्हणजे जपानी हिरवा चहा, तसाही उकळत्या पाण्यात करत नाहीत, त्यामुळे तिथे अडत नाही. बूड मात्र खरखरीत असतं आणि लाकडी टेबलावर ओरखडे उठतात. बारीक पॉलिश पेपर ओला करून बूड घासलं की प्रश्न मिटतो. दुकानदार बाईंनी तर दोन पेले उलटे करून बुडाला बूड घासून दाखवलं.

झिलई नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न येतो, माठासारखा पाझरेल का? नाही. माती इतकी घट्ट भाजलेली असते की रात्रभर पाणी ठेवलं तरी खाली ओल दिसली नाही. पण वास आणि तेलकटपणा ती धरून ठेवते. म्हणून दुधाचा, आलं-वेलची घातलेला चहा मी यात घेत नाही. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी पेला फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, याला कान कुठाय? आणि एवढे पैसे देऊन भाजलेली मातीच?" दुसऱ्या दिवशी ताक मात्र त्यांनी यातच मागितलं. ताकानंतर लगेच धुतला, वास राहिला नाही.

बिझेनची खरी मजा बिअरमध्ये. आतला पृष्ठभाग किंचित खरबरीत असल्यामुळे फेस बारीक येतो आणि बराच वेळ टिकतो. काचेच्या ग्लासशेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. पेला आधी पाण्यात बुडवून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीजरमध्ये नाही. चहा गोड लागतो, पाणी जास्त दिवस ताजं राहतं असंही विक्रेते सांगतात. माझ्या जिभेला चहात काही फरक कळला नाही.

निगा फार नाही, पण ती टाळता येत नाही. वापरण्याआधी पेला पाण्यातून काढायचा. ओला झाला की रंग गडद होतो आणि चहाचे डागही कमी बसतात. धुताना कोमट पाणी आणि मऊ ब्रश. तेलकट काही प्यायलात तर जरासा साबण लावून लगेच खळखळून धुवा. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही नकोत. सगळ्यात महत्त्वाचं वाळवणं. जूनमधल्या त्सुयूच्या, म्हणजे जपानी पावसाळ्याच्या, दमट पावसात वरून कोरडा दिसणारा पेला लाकडी डब्यात ठेवला, तर कुबट वास येतो. एक-दोन दिवस वाऱ्यावर राहू द्या. वास आलाच तर पेला गार पाण्यात ठेवून पाणी हळूहळू उकळवा, तसाच त्यात निवू द्या आणि मग नीट वाळवा. उकळत्या पाण्यात थेट टाकू नका.

एवढं सांभाळलं तर पेला सुधारत जातो. माझ्या हिदासुकीवर जिथे बोटं पडतात तिथला कोरडेपणा गेला आणि मंद चकाकी आली. गोमाच्या पेल्यात मात्र अजून फारसा बदल नाही.

घ्यायचा असेल तर इम्बे स्टेशनच्या इमारतीतच विक्रीचं दालन आहे, वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल एकाच ठिकाणी हाताळता येतो. ऑक्टोबरात तिथे मोठी जत्राही भरते. ओठाला लागणारी कड बोट फिरवून तपासा, फोटोवरून ती कळत नाही. हिदासुकीला राख लागू द्यायची नसते, त्यामुळे ती विजेच्या भट्टीतही भाजतात. त्यात वाईट काही नाही, फक्त लाकडाच्या भट्टीचे पैसे देत असाल तर भट्टी कोणती ते आधी विचारून घ्या.