४८ मेगापिक्सेलची पातळ आमटी
दिवाळीच्या तोंडावर माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण तुटलं आणि त्या झाकणापायी मी साडेसात हजारांना बुडाले.

मी कोल्हापुरात घरीच खणाच्या पिशव्या आणि पर्स शिवते. विक्री सगळी वेबसाइटवरून. फोटोंसाठी २००७ सालचा कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस होता, ७.१ मेगापिक्सेल (म्हणजे फोटोत साधारण ७१ लाख ठिपके), दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मोबाईल आहे, पण माझा मोबाईल खणाची बारीक बुट्टी पार गुळगुळीत करून टाकतो आणि गिऱ्हाइकाला नेमकी तीच बघायची असते. झाकण बसेना तेव्हा वाटलं, नवाच घेऊ. आजच्या काळात सात मेगापिक्सेल म्हणजे लाजच, असंही मनात होतं. चूक तिथूनच सुरू झाली.

जाहिरात अशी होती: ४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ पट झूम, सोबत ३२ जीबीचं कार्ड, सगळं ७,४९९ रुपयांत. अभिप्राय भरभरून. ते मी नंतर नीट वाचले. 'पॅकिंग छान', 'वेळेवर मिळाला', बस्स. त्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो एकानेही टाकला नव्हता.

सणाची घाई, त्यामुळे दोन दिवसांत चाळीस पिशव्यांचे फोटो उरकले. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. वेबसाइटवर चढवल्यावर बुट्टी पुसल्यासारखी. नाशिकच्या एका बाईंनी मरून पिशवी परत पाठवली, कारण फोटोत ती विटकरी दिसत होती. मी स्वतःलाच दोष देत होते, नव्या कॅमेऱ्याला नाही. म्हटलं, मलाच वापरता येत नसेल. त्या नादात परत करायचे सात दिवस उलटून गेले.

मग भाचा आला. त्याने कॅमेरा सुरूसुद्धा केला नाही. लेन्स माझ्याकडे फिरवून म्हणाला, "मावशी, कडेला काय लिहिलंय वाच." एकच आकडा होता. जुन्याच्या लेन्सवर ५.८–२३.२ असं लिहिलेलं. मोठ्याला लहानाने भागलं की ४, म्हणजे खरा चारपट ऑप्टिकल झूम. एकच आकडा असेल तर भिंगाला झूम नाहीच. १६ पट म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवायचा.

माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं: सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, ८ मेगापिक्सेल. आणि ४८ च्या पुढे 'इंटरपोलेटेड'. म्हणजे आयत्या वेळी पाहुणे आले की आपण आमटीत पाणी वाढवतो ना, तसं. सेन्सरने टिपलेल्या ठिपक्यांच्या मध्ये कॅमेरा अंदाजाने ठिपके भरतो. पातेलं भरतं, डाळ तेवढीच.

विक्रेत्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फाइल उघडून बघा. ८००० बाय ६०००. झाले की नाही ४८?" गुणाकार बरोबरच होता हो! राग त्याचाच जास्त आला.

खरी गंमत पुढेच. माझ्या वेबसाइटवर फोटो जातो १६०० बाय १२००, म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाही. जुना कॅमेरा त्याच्या तिपटीहून जास्त देत होता. त्याला हवं होतं फक्त झाकण. आता ते जाड रबर बँडने बांधलंय, चार्ज होणारे सेल आणलेत, पिशवी खिडकीपाशी ठेवते आणि आधी कोऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स लावून घेते, म्हणजे पांढरं कुठलं ते कॅमेऱ्याला दाखवते. मरून मरूनच येतो.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला सेन्सर किती मेगापिक्सेलचा, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. झूमच्या आधी 'ऑप्टिकल' शब्द नसेल तर झूम नाहीच असं धरा. खोकं उघडताना व्हिडिओ करा आणि पहिला फोटो त्याच दिवशी कॉम्प्युटरवर शंभर टक्के आकारात बघा. माझ्यासारखे सात दिवस घालवू नका.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याने दीड हजार देऊ केले, 'कॅमेरा ठेवून घ्या' म्हणाला. मी नाही म्हटलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, त्यामुळे आता तिकडचे कागद जमवतेय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तेवढा वेळेवर घेतला होता, ते बरं झालं. परवा बघितलं तर त्याच कॅमेऱ्याखाली आता ६४ मेगापिक्सेल लिहिलंय.