स्लीपमधून उठल्यावर वायफाय गायब: आठ महिन्यांचा अनुभव

लॅपटॉप घेऊन आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच त्रास मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनवर पाहिलाय. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी याबद्दल माझी काही तक्रार नाही. लिहायचंय ते एवढ्याचसाठी, की झाकण मिटून (म्हणजे लॅपटॉप स्लीपमध्ये, झोपवून) चहाला उठलं आणि परत येऊन उघडलं की वायफाय नसायचं.

माझं काम हिशेबाचं. 20 तारखेला जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरायची मुदत संपते, त्यामुळे आधीचे दोन दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते. घेतल्यापासून दुसऱ्याच महिन्यात, ऐन 19 तारखेला, झाकण उघडलं तर खाली कोपऱ्यात वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल. त्यावर क्लिक केलं तर वायफायचं बटणच नाही, नुसता एअरप्लेन मोड. दुसरीकडे ग्राहकांचे फोनवर फोन चालू.

नेटवाल्याला बोलावलं, त्याने राउटर बदलून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझा मोबाइल त्याच राउटरवर व्यवस्थित चालत होता. हे आधी बघायला हवं होतं. म्हणून सांगते, मोबाइलवर नेट आहे आणि लॅपटॉपमधून वायफायचं बटणच नाहीसं झालंय, तर राउटरला हात लावू नका. दुखणं लॅपटॉपच्या आत आहे.

विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर (लॅपटॉपच्या भागांची यादी) उघडलं तेव्हा नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण होता आणि आत कोड 10, म्हणजे कार्ड सुरूच होत नव्हतं. स्लीपमध्ये जाताना बॅटरी वाचवायला कार्डाची वीज बंद होते आणि उठल्यावर ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याला परत जागं करायचं असतं. तिथेच गाडी अडत होती.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. शट डाउन करून चालू केलं तरी वायफाय येत नसे, रीस्टार्ट केलं की येई. याचं कारण फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोजची लवकर सुरू व्हायची सोय. तो चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच वर येतो. रीस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

उपाय असा केला. कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू द्यावं अशा अर्थाची पहिलीच ओळ असते, तिच्यापुढची टिक काढली. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, माझंच मॉडेल निवडून, ड्रायव्हर घेतला आणि जुना काढून तो टाकला. नवा ड्रायव्हर डाउनलोड झाल्याशिवाय जुना काढू नका, नाहीतर वायफायही नाही आणि ड्रायव्हरही नाही अशी गत होते. तशी वेळ आलीच तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं.

त्यानंतर तीन महिने एकदाही त्रास नाही. पाचव्या महिन्यात एक मोठा अपडेट आला आणि दुसऱ्याच सकाळी पुन्हा पृथ्वीचा गोल. जाऊन बघते तर ड्रायव्हर बदललेला आणि टिक परत जागेवर! ती काढली, कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, की झालं. आता मोठा अपडेट आला की आधी ती टिक बघते. बॅटरीत मला तरी फरक जाणवला नाही.

वहिनीच्या नव्या लॅपटॉपवर मात्र पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नव्हता. बऱ्याच नव्या मशिनवर स्लीपची पद्धतच वेगळी असते, तिथे तो दिसत नाही. तिला कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट लावून दिलं. हायबरनेटमध्ये मशीन पूर्ण बंद होतं, त्यामुळे उघडल्यावर कार्ड नव्याने सुरू होतं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण दोन महिने झाले, वायफायसाठी तिचा फोन आलेला नाही.