अबॅकस की वैदिक गणित? आधी पाढे विचारा

“अबॅकसला घालू की वैदिक गणिताला?” असं कुणी विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारते: मूल कितवीत आहे, आणि पाढे कुठपर्यंत आलेत? पहिली-दुसरीतलं मूल असेल आणि पाढ्यांचा पत्ता नसेल, तर वैदिकचा विषय तिथंच संपतो.

कारण वैदिक गणित म्हणजे झटपट हिशेबाच्या युक्त्या, आणि त्यांची खरी गंमत गुणाकारात आहे. ९७ गुणिले ९६ घ्या. शंभराला एक ३ ने कमी, दुसरा ४ ने. ९७ मधून ४ गेले, ९३. तीन चोक १२. उत्तर ९३१२. मूल खूश, पाहुणे गार! पण तेच मूल ६७ गुणिले ४८ ला अडतं, कारण दोन्ही संख्या शंभरापासून लांब. तिथं उभं-तिरपं गुणावं लागतं: सहा चोक २४, मग सहा आठे ४८ आणि सात चोक २८ मिळून ७६, शेवटी सात आठे ५६. हातचे सांभाळत ३२१६. कुठली युक्ती कुठं लावायची हे ओळखण्यातच सगळी मेख आहे, आणि माझ्या मते ते चौथी-पाचवीच्या आधी झेपत नाही. ‘वैदिक’ या नावाला मात्र भुलू नका. ही १६ सूत्रं पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ मध्ये छापलेल्या पुस्तकातली. उपलब्ध वेदांत ती सापडत नाहीत. युक्त्या चालतात त्या मागच्या साध्या बीजगणितामुळे.

अबॅकस म्हणजे मण्यांच्या चौकटीवरचा हिशेब. तो सुरू करायला पाढे लागत नाहीत, अंकओळख पुरते. शिकवणीत बहुधा जपानी सोरोबानच्या धर्तीची चौकट असते: प्रत्येक दांडीवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, किंमत ५, खाली चार, प्रत्येकी १. आता ४ मध्ये ३ मिळवायचे तर खाली मणीच उरलेले नाहीत. मग वरचा ५ आणायचा आणि खालचे २ काढायचे. ही ५ ची जोडी म्हणजे ‘स्मॉल फ्रेंड’, आणि १० ची जोडी ‘बिग फ्रेंड’. बोटांना हे वळण लागलं की चौकट बाजूला ठेवतात आणि मूल मनातले मणी सरकवतं. माझा भाचा तोंडी बेरीज करताना टेबलाखाली अंगठा आणि तर्जनी नाचवायचा. एकदा गंमत म्हणून मी त्याचा हात धरून ठेवला, तर हिशेबच फसला!

अडचण येते ती शाळेत. अबॅकसवर डावीकडून, मोठ्या स्थानापासून मिळवत येतात. वहीत एककापासून, हातचा मांडत. भाच्याचं उत्तर बरोबर असायचं, पण हातचा दिसत नाही म्हणून गुण जायचे. वर्षभर त्याला दोन्ही पद्धती शिकवाव्या लागल्या, तेही रोज. आणि मनातलं चित्र पक्कं होण्याआधीच शिकवणी सोडली, तर हाती फारसं काही उरत नाही.

एकाग्रता, स्मरणशक्ती, ‘उजवा मेंदू’ या जाहिरातींवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. वडोदऱ्यात शाळकरी मुलांवर तीन वर्षं चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अबॅकसवाल्या मुलांचं अंकगणित सुधारलेलं दिसलं, स्मरणशक्तीसारख्या क्षमता मात्र वाढल्या नाहीत. शिवाय चित्र डोळ्यांपुढे धरून ठेवण्याची ताकद ज्यांची मुळातच बरी होती, त्यांना जास्त फायदा झाला.

हे दोन्ही नको असेल तर घरच्या घरी संख्या फोडायला शिकवा. ३८ आणि २७? २७ मधले २ इकडे द्या, ४० झाले, राहिले २५, एकूण ६५. याला शिकवणी लागत नाही आणि वहीतल्या गणिताशी भांडणही होत नाही. निव्वळ वेगात ते अबॅकसपुढे टिकणार नाही, पण स्पर्धेला बसवायचं नसेल तर वेग हवाय कुणाला?

फी भरण्याआधी एक करून बघा. मण्यांच्या चौकटीवर तीन अंकी संख्या मांडा, मुलाला क्षणभर दाखवा, झाका, आणि मणी कुठं कुठं होते ते विचारा. मूल त्यात रमलं, पुन्हा पुन्हा मागायला लागलं, तर अबॅकसला खुशाल घाला. “पण ९३ पुढे १२ च का लिहायचे?” असं विचारणारं असेल, तर पाढे होऊ द्या आणि थोडं थांबा.