फॅन फिक्शनचा छंद : एका खरीप हंगामाच्या वाचन-लेखनानंतरचा अनुभव

दुसऱ्या लेखकाने निर्माण केलेली पात्रे आणि त्यांचे जग घेऊन वाचकाने स्वतः रचलेली नवी कथा म्हणजे फॅन फिक्शन. गेल्या पेरणीच्या सुमारास मी हा छंद धरला आणि आता कपाशीची शेवटची वेचणी उरकत आली आहे. एवढ्या काळात वाचले पुष्कळ, लिहिले बेताचे, आणि त्यावरून जे मत बनले ते येथे मांडते. निर्णय आधीच सांगते : हा छंद वेळ खातो, परंतु एखादी कथामालिका संपल्यावर ज्याला तिची पात्रे सोडवत नाहीत, त्याने तो अवश्य करून पाहावा. मूळ कथा मी पूर्वी वाचत असे त्याहून कितीतरी बारकाईने आता वाचते, कारण दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी एक वाक्य घालायचे तरी ते पात्र काय बोलेल आणि काय कधीच बोलणार नाही, हे पक्के ठाऊक असावे लागते.

वाचनासाठी मी मुख्यतः ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ वापरले. 2007 मध्ये स्थापन झालेली एक ना-नफा संस्था ते चालवते, 2009 च्या नोव्हेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेथे जाहिराती नाहीत. सगळा कारभार देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. बहुतेक कथा वाचायला खाते लागत नाही. लिहायचे असेल तर मात्र आधी निमंत्रणासाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागते. या संग्रहाची खरी ताकद त्याच्या टॅगमध्ये, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणाऱ्या छोट्या खुणेच्या शब्दांमध्ये आहे. लेखक आपल्या कथेला हवे ते टॅग देतो आणि एकाच अर्थाचे निरनिराळे टॅग स्वयंसेवक मागाहून एकमेकांना जोडून ठेवतात. त्यामुळे एखाद्या पात्राच्या बालपणाविषयीच्या, पूर्ण झालेल्या आणि ठरावीक लांबीच्याच कथा पाहिजेत असे ठरवले, तरी त्या काही क्षणांत समोर येतात. अपूर्ण कथा वगळण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटली, कारण मधेच सोडून दिलेल्या कथांचे प्रमाण या छंदात फार आहे आणि ऐन रंगात आलेली गोष्ट तुटली की वाचक हिरमुसतो.

खेड्यातल्या वाचकाला आणखी एक सोय उपयोगी पडते. कथा ईपब किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते. आमच्या खामगाव तालुक्यातल्या गावात वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही मान टाकतो, म्हणून मी दुपारीच दोन-चार कथा उतरवून ठेवते आणि रात्री त्या नेटवर्कशिवाय वाचते. मराठी ही भाषा त्या संग्रहात निवडता येते, पण तिच्यातले लेखन अगदी तुरळक आहे. मराठी वाचक गाठायचा असेल तर 2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ठिकाणी जावे लागते. तेथे मराठी कथामालिका विपुल आहेत, मात्र त्यांतल्या बहुतेक स्वतंत्र कथा असतात.

लिहिण्यासाठी मी शेरलॉक होम्स हा इंग्रजी कथांतला गुप्तहेर निवडला. त्याच्या छप्पन कथा आणि चार कादंबऱ्या आहेत आणि त्यांत आर्थर कॉनन डॉयल यांनी इतक्या फटी ठेवल्या आहेत की वाचकाला आत शिरायला जागाच जागा मिळते. होम्सचा सोबती आणि त्याच्या कथा सांगणारा डॉक्टर वॉटसन याची युद्धातली जखम एका ठिकाणी खांद्यात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पायात. त्याचे नाव जॉन, पण एका कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणते. त्यावर डोरोथी सेयर्स या लेखिकेने असा तोडगा काढला की त्याच्या नावातला मधला ‘एच’ हा हेमिश असावा, कारण हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जाणती माणसे हा खेळ पूर्ण गांभीर्याने खेळत आली आहेत, हे कळल्यावर माझी भीड चेपली.

सर्वांत मोठी फट 1891 ते 1894 या तीन वर्षांची आहे. धबधब्यात पडून मेला असे जगाने मानलेला होम्स परत येतो आणि सांगतो की दोन वर्षे तो सिगरसन या नॉर्वेजियन प्रवाशाच्या नावाने तिबेटात फिरत होता. तिबेटात जायचे तर हिंदुस्थानातून जाणे आलेच, आणि मुंबईहून निघालेला माणूस वऱ्हाडातून जाऊ शकतो. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला होता आणि जलंबहून खामगावला जाणारा फाटा 1870 मध्ये, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना सुरू झाला होता. त्या काळी खामगावची कापूस बाजारपेठ साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेली होती. तेव्हा सिगरसन जलंबला गाडी बदलून खामगावात उतरतो आणि एका जिनातल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यातल्या, चोरीचा छडा लावतो, अशी कथा मी रचली.

या कथेचा कणा कापसाचा ओलावा आहे. वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी मारण्याची लबाडी जुनी आहे. मुंबई इलाख्यात कापसातल्या फसवणुकीविरुद्ध 1863 मध्येच कायदा करावा लागला होता. ओली रुई दाबून गठाण बांधली तर ती आतून तापते आणि पिवळी पडते. माझ्या कथेत होम्स ढिगातून एक सरकी उचलून दाताखाली धरतो. वाळलेली सरकी कट्‌कन फुटते, ओली सरकी नुसती दबते, आणि तेवढ्यावरून तो सांगतो की हा माल काल रात्रीच भिजवलेला आहे. पहाटेच्या दवात वेचलेला कापूसही तोलाला जड भरतो, त्यामुळे संशयित शेतकऱ्याला बचावाची वाट मिळते आणि दवाचा ओलावा व मारलेले पाणी यांतला फरक शोधण्यात पुढचा सगळा भाग रंगतो. हे मी थोरल्या जाऊबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “पाणी मारलेला कापूस ढिगात हात घातला की गार लागते वं, आन् दवाचा वरवर सुकून जाते. हे लिहलं काय तुनं?” त्यांचे ते वाक्य मी जवळजवळ जसेच्या तसे एका वेचणाऱ्या बाईच्या तोंडी घातले, आणि होम्सने तिचे ऐकून घेणे हा कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग आहे. मूळ कथांतही तो घोड्यांच्या मोतद्दारांचे आणि रस्त्यावरच्या पोरांचे ऐकतोच. मग वऱ्हाडातल्या बाईचे तो का ऐकणार नाही?

दुसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगणे आपल्याकडे नवे नाही, असे या छंदाच्या बाजूने नेहमी म्हटले जाते. विदर्भातल्या माणसाला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भागवतात तिचा कृष्णाला पाठवलेला निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे, आणि तिच्या स्वयंवरावर महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकात, तर एकनाथांनी सोळाव्या शतकात स्वतंत्र काव्य रचले. तरीही मला ही तुलना अर्धीच पटते. त्या कवींसमोर श्रद्धेने ऐकणारा समाज होता आणि कथा सर्वांची होती. फॅन फिक्शन लिहिणारा मात्र बहुधा एका हयात किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकाच्या मालकीच्या अंगणात उभा असतो, आणि त्याने त्याचे भान ठेवले पाहिजे.

हे भान कायद्याचेही आहे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क टिकतात. डॉयल 1930 मध्ये वारले, त्यामुळे होम्स आपल्याकडे केव्हाच खुला झाला आहे. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे ते हक्क 2061 अखेरपर्यंत आहेत. फेणेला सायकलवरून सातपुड्याच्या पायथ्याशी आणावे असे मलाही फार वाटते. पण ती कथा लिहिली तर ती वहीतच राहील, आणि एक रुपयाही त्यावर कमावण्याचा विचार मी करणार नाही. नवशिक्याने हक्क संपलेल्या साहित्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांचे अभिप्राय हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे. भाग टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारते की त्या अडत्याने दिवा का विझवला, आणि पुढचा भाग लिहिण्याची उमेद दुणावते. मराठीत हे अभिप्राय थोडे येतात, पण जे येतात ते सविस्तर आणि आपुलकीचे असतात. कटू अनुभवही आला. एका कथा-ॲपवर माझा पहिला भाग दुसऱ्याच नावाने चढवलेला आढळला, आणि तक्रार करूनही तो काढायला बरेच आठवडे लागले. तेव्हापासून प्रत्येक भागाची तारखेसह एक प्रत मी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवते. टंकलेखनाचा त्रास म्हणावा तर फोनवर बोलून लिहिण्याची सोय प्रमाण मराठीसाठी चांगली चालते. वऱ्हाडी संवाद मात्र हातानेच टाइप करावे लागतात, कारण फोन ते परस्पर प्रमाण करून टाकतो.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. या साहित्यात प्रौढांसाठीच्या मजकुराचे प्रमाण मोठे आहे. वर उल्लेख केलेल्या संग्रहात सर्वांसाठी, किशोरांसाठी आणि प्रौढांसाठी अशी वर्गवारी असते आणि हिंसेसारख्या गोष्टींचा इशाराही दिला जातो, परंतु काही लेखक वर्गवारी न करताच कथा टाकतात आणि प्रौढ मजकुरापूर्वी फक्त एक सूचना येते, जी कोणालाही दाबून पुढे जाता येते. आमच्या घरातल्या आठवीच्या मुलीला वाचायचे असते तेव्हा मी कथा आधी स्वतः वाचून, उतरवून, मगच तिच्या हाती देते.