प्लेअर बदलू, फाइली बदलू की मशीनच नवं घेऊ?

रविवारची रात्र. टीव्हीवर सिनेमा दर दहा सेकंदांनी अडकत होता आणि माळ्यावर ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपचा पंखा खाली हॉलपर्यंत ऐकू येत होता. हाच लॅपटॉप आमचा मीडिया सर्व्हर, म्हणजे घरातले सिनेमे साठवून टीव्ही-फोनला पाठवणारं मशीन. नवा मिनी पीसी मी कार्टमध्ये टाकूनही झाला होता. पैसे भरायच्या आधी सहज जेलीफिनचा, म्हणजे त्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा, डॅशबोर्ड उघडला. चालू सिनेमाच्या चौकटीत माहितीचं बटण असतं, ते दाबलं की ट्रान्सकोडिंग (चालू सिनेमा सर्व्हरने दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवणं) का चाललंय ते कळतं. कारण होतं सबटायटल. चित्र टीव्हीला चालत होतं, आवाजही चालत होता. सबटायटल बंद केलं आणि थोड्या वेळात पंखा गप्प झाला.

ब्लू-रेवरून घेतलेली पीजीएस सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. प्लेअरला, म्हणजे पाहण्याच्या ॲपला किंवा उपकरणाला, ती दाखवता येत नसतील, तर सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो. दोन ओळींसाठी दोन तासांचा सिनेमा! म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी आठवडाभर ते बटण दाबून कारणं टिपून ठेवा. कारण कळलं की पुढचे तीन मार्ग पारखता येतात.

प्लेअर बदलणं. टीव्हीतलं ॲप हा बहुतेक घरांतला सगळ्यात कच्चा दुवा असतो. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस आवाज काढून टाकला, त्यामुळे डीटीएस (सिनेमांच्या आवाजाचा एक प्रकार) असलेली एमकेव्ही फाइल तिथे जशीच्या तशी वाजत नाही. ब्राउझरमध्ये पाहणाऱ्यांचं दुखणं वेगळं: फायरफॉक्समध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ लहान जागेत बसवण्याची नवी पद्धत) विंडोजवर चालायला २०२५ उजाडलं, आणि क्रोममध्येही ते मशीनच्या हार्डवेअरवर अवलंबून असतं. टीव्हीला एक चांगली फोर-के स्ट्रीमिंग स्टिक लावली की यातल्या बऱ्याच तक्रारी मिटतात, आणि ती मिनी पीसीच्या निम्म्याहून कमी पैशांत येते. माझा कौल आधी इथेच. स्टिक लावल्यावर ॲपमधली क्वालिटी 'ऑटो'वर न ठेवता सर्वोच्च करा. नाहीतर वाय-फाय जरा डुगडुगलं की ॲप कमी बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) मागतं आणि सर्व्हर पुन्हा घाम गाळायला बसतो.

एक आडवळणाची गोष्ट. अडकणारी प्रत्येक फाइल ट्रान्सकोडिंगमुळेच अडकते असं नाही. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) १०० एमबीपीएसचंच असतं, आणि फोर-के ब्लू-रेचा बिटरेट १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. तिथे सर्व्हर कितीही तगडा आणला तरी काही होणार नाही.

फाइली बदलणं. याला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र सढळ हाताने द्यावा लागतो. सगळा संग्रह एचईव्हीसीमधून एच.२६४ या जुन्या, जवळपास सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणायचा मोह टाळा. फाइलचा आकार वाढतो, दर्जा घटतो आणि एकदा घटलेला दर्जा परत येत नाही. त्याऐवजी नडणारा भाग तेवढा बदला. आवाज डीटीएस असेल तर व्हिडिओला हात न लावता शेजारी एसी-३ किंवा एएसी आवाजाचा जादा ट्रॅक घाला. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर हे काम काही मिनिटांत उरकतं. नुसता एमकेव्हीचा एमपी४ करायचा असेल तर तेही सोपं, भाजी तीच आणि डबा दुसरा. खरी कटकट सबटायटलांची. पीजीएसवरून एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची सबटायटल फाइल, करायला ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लागतं. इंग्रजीत ते छान होतं, देवनागरीत मात्र रफार गळतात आणि अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. एका सिनेमाची मराठी सबटायटलं सुधारण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. पुढच्या सिनेमाला मी सरळ तयार एसआरटी शोधली.

मशीन बदलणं. हा खर्च कधी योग्य? घराबाहेरून पाहणारी माणसं असतील तेव्हा. माझी बहीण परदेशात असते, फोनवर मोबाइल डेटाने लग्नाचं शूटिंग बघते. तिला ४० एमबीपीएसची मूळ फाइल पाठवणं हाच वेडेपणा. तिथलं ट्रान्सकोडिंग अनावश्यक नाही, गरजेचंच आहे. एचडीआर (जास्त उजेड-रंग असलेली) फाइल साध्या पडद्यावर दाखवायची असेल तरीही तसंच. अशा घरात इंटेलचा एन१०० प्रोसेसर असलेला छोटा पीसी बघा. प्रोसेसर ६ वॉटचा आहे, पण त्यातलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ बदलण्यासाठीचा खास भाग, एचईव्हीसी सहज पेलतं. रास्पबेरी पाय ५ हा छोटा स्वस्त संगणक मात्र या कामासाठी घेऊ नका, त्यात हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे तसा खास भागच नाही. सॉफ्टवेअरचाही हिशोब मांडा: हार्डवेअर ट्रान्सकोडिंग जेलीफिनमध्ये फुकट मिळतं, प्लेक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्लेक्स पासचे पैसे मोजावे लागतात.

अजून ठरत नसेल तर जेलीफिनमध्ये एक चाचणी आहे. वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ ट्रान्सकोडिंगची परवानगी काढून घ्या आणि घरच्यांना नेहमीसारखं बघू द्या. जे चालणार नाही त्याची हाक स्वयंपाकघरातून येईलच. आमच्याकडे आठवडाभरात पाच हाका आल्या. चार पीजीएसच्या होत्या, एक आईच्या जुन्या टॅबलेटची. टॅबलेटवर ती फक्त मालिका बघते. त्या फाइली तेवढ्या एच.२६४ मध्ये करून दिल्या, आणि मिनी पीसी अजून कार्टमध्येच पडून आहे.