‘नेक एकदाही काढलेला नाही’ : साडेतीन हजार डॉलरची गिटार

जुन्या अमेरिकन इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारात एक वाक्य फार चालतं: ‘बनली तेव्हापासून नेक एकदाही काढलेला नाही.’ (नेक म्हणजे गिटारीचा तारांखालचा लांब दांडा.) या वाक्यापायी माझे साडेतीन हजार डॉलर गेले. हेअर मेटलच्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या फुगवलेल्या केसांच्या हेवी रॉकच्या, जमान्यातल्या गिटारी शोधणारे मराठी लोक पुण्या-मुंबईत आणि इकडे न्यू जर्सीतही आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू काय ते सांगतो: शार्वेल गिटार. वेन शार्वेल यांचा कॅलिफोर्नियातला गिटारदुरुस्तीचा व्यवसाय १९७८ मध्ये ग्रोव्हर जॅक्सन यांनी विकत घेतला. सॅन डिमासचा पत्ता लावणाऱ्या त्या लहानशा कारखान्यातून १९८१ पासून नंबर घातलेल्या शार्वेल गिटारी निघू लागल्या. आकार फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारीसारखा, पण बऱ्याच गिटारींना तारांच्या खालच्या टोकाला, ब्रिजपाशी, एकच दणदणीत हंबकर पिकअप (तारांचा आवाज टिपणारा चुंबकी भाग), सूर वरखाली करायचा दांडा असलेला फ्लॉइड रोझ ट्रेमोलो, आणि अंगावर भडक रंग किंवा नक्षी. रॅट बँडचा वॉरन डीमार्टिनी, गायक ऑझी ऑझबॉर्नकडे असतानाचा जेक ई. ली, यांच्या हातात शार्वेल दिसायची. १९८६ मध्ये कारखाना कॅलिफोर्नियातल्याच ऑन्टारिओला हलला आणि शार्वेल नावाच्या गिटारी जपानमध्ये बनायला लागल्या. म्हणजे सॅन डिमासचा माल जेमतेम पाच वर्षांचा, आणि नंबर साधारण १००१ ते ५४९१. याहून जुनी, वॅन हेलन बँडच्या दुसऱ्या अल्बमवरची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची शार्वेल त्यांचा गिटारवादक एडी वॅन हेलनने २००४ मध्ये पँटेराचा गिटारवादक डायमबॅग डॅरेलच्या शवपेटीत ठेवली. ती तरी मला कुणी विकायला येणार नाही.

नंबर असतो नेकप्लेटवर. नेक बॉडीला मागून चार स्क्रूंनी आवळतात, आणि त्या स्क्रूंखाली धातूची चौकोनी पट्टी असते. त्यावर ‘पोस्ट बॉक्स २४५, सॅन डिमास’ असा पत्ता आणि खाली चार आकडे. गिटारीचं सगळं कूळ या पट्टीवर, आणि पट्टी एका बॉडीवरून दुसऱ्या बॉडीवर न्यायला स्क्रूड्रायव्हर पुरतो. शिवाय हुबेहूब नव्या पट्ट्याही बनवून मिळतात. आमच्या जवळच्या नेपच्यून गावच्या क्रेमर गिटारींचंही तेच. पट्टीवर नेपच्यून, न्यू जर्सी असं कोरलेलं, पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यातल्या कित्येक ‘अमेरिकन’ क्रेमरचे नेक आणि बॉडी जपानच्या ईएसपी कंपनीने बनवलेले, इथे फक्त जुळणी. ती काही फसवणूक नव्हती, तेव्हाचा धंदाच तसा होता. पट्टी लाकडाबद्दल किती सांगते, ते मात्र यावरून कळतं.

माझा विक्रेता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. १९८४ ची शार्वेल, पांढरी, पहिला मालक त्याचा थोरला भाऊ, लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप रस्त्यावरच्या क्लबांत वाजवणारा. पुराव्याला एक पोलरॉइड: फुगवलेले केस, घट्ट पँट, हातात पांढरी गिटार. पोलरॉइड खराही असेल. पण समोरून काढलेल्या फोटोत मागची प्लेट दिसत नाही, आणि लांबून पांढऱ्या स्ट्रॅटसारख्या गिटारी सगळ्या सारख्याच दिसतात. प्लेटचे फोटो त्याने न मागता पाठवले, चांगले जवळून, नंबर मर्यादेत बसणारा. मी म्हटलं, नेक काढून तो बसतो त्या बॉडीतल्या खाचेचा फोटो दे. तर उत्तर आलं, ‘ही गिटार कारखान्यातून निघाली तशीच आहे. स्क्रू फिरवला की किंमत गेली. तू संग्राहक आहेस ना, तुला हे सांगायला लागावं?’

इथेच खरी मेख आहे. जुन्या वस्तूला हात लावू नये हा संग्राहकांचा धर्म, आणि या माणसाने तोच धर्म तपासणीच्या दाराला कडी म्हणून लावला. एरवी सैल तार, चार स्क्रू, दोन फोटो, परत चार स्क्रू, एवढंच काम. दुरुस्तीवाले ते रोज करतात आणि त्याने किंमत पडत नाही. ज्या गोष्टीमुळे भाव चढतो तीच गोष्ट पुढे करून कुणी आत बघू देत नसेल, तर भाव तिथेच अर्धा धरावा, किंवा सरळ निघावं.

पुढचं ठरलेलं. आणखी एक गिऱ्हाईक रात्री येतंय, साइटचं कमिशन दोघांचं वाचवू, पैसे पेपॅलसारख्या सेवेतल्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ या, घरच्यांना-मित्रांना पैसे पाठवायच्या, पर्यायाने पाठव. त्या पर्यायाला खरेदीचं संरक्षण नसतं, कारण कागदोपत्री ती खरेदीच नसते.

गिटार आली, वाजलीही झकास. एडिसनमधला एक मित्र जुन्या गिटारी दुरुस्त करतो. त्याने मागचं झाकण उघडून व्हॉल्यूमच्या पॉटवरचा (आवाजाच्या बटणाखालच्या विजेच्या भागावरचा) शिक्का वाचला. हे प्रत्येकाने शिकून घ्यावं. अमेरिकन पॉटवर आकड्यांचा कोड असतो: पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, मग वर्ष, मग आठवडा. १३७८४३२ म्हणजे सीटीएस, १९८४ चा बत्तिसावा आठवडा. माझ्या पॉटवर वर्षाच्या जागी ९२ होतं. जुन्या गिटारीत पॉट बदललेला असणं हा गुन्हा नाही. पण ‘कधीच न उघडलेल्या’ १९८४ च्या गिटारीत १९९२ चा पॉट कुठून आला?

मग नेक काढला. खाचेत स्क्रूच्या भोकांचा आधीचा एक संच, काड्या ठोकून बुजवलेला. अतिनील दिव्याखाली बॉडीवर एका जुन्या पिकअपची भरून काढलेली जागा चौकटीसारखी उठून दिसली, वरून नवा पांढरा रंग. शेवटचा खिळा म्हणजे नंबर. हौशी लोकांनी जमवलेल्या फोटोंत तोच नंबर एका लाल शार्वेलवर सापडला. तिच्या मालकाने प्लेटचा ताजा फोटो पाठवला. अक्षरांची जाडी माझ्या प्लेटपेक्षा वेगळी, कडा झिजलेल्या. माझी प्लेट नक्कल होती.

विक्रेता म्हणाला, ‘भावाने दिली तशी मी विकली.’ याला तोड नाही, कारण त्याला माहीत होतं हे सिद्ध करायचं ओझं माझ्यावर. बँकेने हात वर केले. एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे ऑनलाइन तक्रार टाकली, पोच आली. पैसे आले नाहीत.

भारतातून मागवणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. बहुतेक जण इथल्या काकाच्या किंवा मावसबहिणीच्या पत्त्यावर गिटार मागवतात आणि ती डिसेंबरच्या सुट्टीपर्यंत खोक्यात पडून राहते. काका भला माणूस, खोकं फोडत नाही. तोवर तक्रारीची मुदत संपलेली असते. त्यांना सांगा, आल्या दिवशीच फोडा, व्हिडिओ काढत फोडा, आणि आठवड्याच्या आत एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून नेक काढून फोटो घ्या. त्याला द्यावे लागतील ते पैसे गिटारीच्या किमतीतच धरा.

बॉडी आणि नेक मी ‘सुट्या भागांची गिटार, मूळ ठाऊक नाही’ असं लिहून विकले, आतल्या सगळ्या फोटोंसकट. आठशे डॉलर आले. प्लेट दिली नाही. तिच्यावरचा नंबर मित्राच्या ग्राइंडरवर घासून टाकला.